एकोणीस वेढे

मोठ्या लिंबाएवढी मोटर.
दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात
पंप येतात, मिक्सर येतात, चैत्र लागला की कूलर,
सगळे जळक्या वॉर्निशचा वास घेऊन.
ही आली विदूच्या हातरुमालात.
"त्र्याऐंशी सालची आहे," तो म्हणाला,
"जपून उघड."

मला काय सांगतोस, विदू.
आत्याच्या यजमानांनी मस्कतहून बग्गी आणली तेव्हा
रिमोट तुझ्या हातात होता
आणि मी तिच्यामागे, अनवाणी,
काळ्या घोड्याच्या पुलाखालच्या मातीत.
उलटली की पळायचं, सरळ करायची,
बाजूला व्हायचं.
नदीकडे वळली तर तिच्याही आधी पळायचं,
कारण विश्वामित्रीत मगरी,
आणि मगरीला टायर आणि टाच सारखीच.
आईला दोन्हींची काळजी होती.
टायर मिळत नसत, एवढंच.

पत्र्याचे कान वाकवून उघडली.
कंपनीचे वेढे सत्तावीस.
सोडवले, मोजत,
आणि तिन्ही दातांवर भरले एकोणीस एकोणीस, जाड तारेचे.
करंट जास्त ओढेल, लवकर तापेल,
पण सुटेल तेव्हा सुटेल.
कॉम्युटेटर मकरपुऱ्यात इक्बालभाईंच्या लेथवर
केसभर घासून घेतला.
एवढुशा कामाचे पैसे काय घेऊ बेन, म्हणाले,
आणि चाळीस रुपये घेतले.

विदूला यातलं काहीच नको होतं.
रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला
प्रत्येक गोष्ट मूळची लागते.
मूळचा डबा, मूळचे स्टिकर,
पुढच्या आर्मला गेलेला तडासुद्धा मूळचा.
"अशीच ठेवली तर लाखाला जाईल."
मी तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडलं,
तडा पुढे सरकू नये म्हणून पाडतात तसं,
आतून पितळी पट्टी रिव्हेट केली.
ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत
तो गच्चीवर होता.

शॉकमध्ये शिलाई मशीनचं तेल पातळ पडलं,
एरंडेल घट्ट.
शेवटी ट्रेडमिलच्या पट्ट्याचं सिलिकॉन.
बुशांच्या जागी बेअरिंग:
आता चाक फिरवलं
की थांबायचं विसरतं.

रविवारी, कलालीच्या पुढे, रिकाम्या प्लॉटवर.
पोरांच्या गाड्या लिथियमच्या, ब्रशलेस,
आवाज डासांचा.
"आंटी, आ तो मारा पप्पा करतां जूनी छे!"
असू दे.
रिमोट विदूने माझ्या हातात दिला नाही.
बाकावर ठेवला
आणि दुसरीकडे पाहत राहिला.

सुटली.
कोंबडीसारखी माती उकरत,
टेकाडावर नाक वर, पिवळं पोट दाखवून,
धप्प, आणि तरी सरळ.
तिसऱ्या फेरीत दोन लिथियमवाले एकमेकांत अडकले,
मी मधून.
पाचवीत मी तिसरी. मी!
सहावीत पाइपाला चाटली
आणि उलटली,
चारी चाकं आभाळाला,
थांबायचं विसरलेली.

ड्रायव्हरने स्टँड सोडायचा नाही, असा नियम आहे.
पाय मात्र निघाले होते माझे,
बावन्न वर्षांचे, सवयीने.
त्याआधी विदू.
गुडघ्याला पट्टा, एक चप्पल ट्रॅकवरच राहिली,
वाकताना काढलेलं "आई गं" इथपर्यंत आलं.
सरळ केली त्याने,
आणि बाजूला व्हायला विसरला.
त्याला वळसा घालून
काढावी लागली मला.

सहापैकी पाचवी.

मोटर इतकी तापलेली
की टेकवलेलं बोट मागे आलं.
त्याने ती त्याच रुमालात गुंडाळली.
रिक्षात बराच वेळ मांडीवर धरून होता.
"सतरा भरले तर?"
"जळेल."
अकोटा येईपर्यंत काही बोलला नाही.
मग, रुमालाकडे बघत,
"पण किती फेऱ्यांनी?"